सातवं कलम

डॉक्टर सोहोनी कुणाकडे जेवायला गेले, की पाटावर बसण्याआधी घराची दारं बघून घेत. बघून झाली की यजमानाला विचारत, "आत्ता या क्षणी आग लागली, तर तुम्ही कुठून बाहेर पडाल?" यजमान बिचारा हातात तुपाचं भांडं घेऊन उभा. एका लग्नात तर मांडवाचा मागचा पडदा सोडवून घेतल्याशिवाय त्यांनी अक्षता हातात घेतल्या नाहीत. मुलीचे मामा सगळ्यांना विचारत फिरत होते, हे गृहस्थ कोणाकडचे? डॉक्टरांच्या पत्नी उमाबाई अशा वेळी पदर सावरून दुसरीकडेच बघायच्या. "आमच्याकडे चूल पेटायच्या आधी घागर भरून चुलीपाशी येते," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. तक्रार होती की कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी मूळची वाईची. घाटावर बसून नदीचं पाणी आणि लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या एकाच निवांतपणे बघणाऱ्या माणसांत वाढलेली. नर्सिंग शिकून मी सांगलीला एका धर्मादाय रुग्णालयात लागले तेव्हा दुसरी लढाई ऐन भरात होती. रॉकेल मिळेना, मलमपट्टीचं कापड मिळेना, आणि छपराला पत्रे तर नाहीच नाही. बायकांचा वॉर्ड जुना, कौलारू होता. पुरुषांचा नवा बांधलेला. त्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पत्रे बाजारातून नाहीसे झाले, म्हणून वर बांबू आणि गवत घातलं होतं. मोठे डॉक्टर म्हणून या सगळ्याचा भार सोहोन्यांवर. उंच, किडकिडीत, कानावर केस आलेले, आणि कोटाच्या खिशात कायम दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. माझी पहिलीच ओळख झाली ती अशी, की माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला एका दमात किती मोठ्यानं ओरडता येतं?"

त्यांच्या कचेरीच्या भिंतीवर चार कागद लावलेले असत. आग लागली तर, पूर आला तर, पटकीची साथ आली तर, आणि एकदम पुष्कळ जखमी आले तर. प्रत्येक कागदावर कलमं, आणि प्रत्येक कलमात माणसाचं नाव. 'कोणीतरी' आणि 'सर्वांनी' हे दोन शब्द त्यांना चालत नसत. "सर्वांनी म्हणजे कुणीही नाही," असं म्हणून ते खोडून टाकत. त्यांचं आवडतं वाक्य मात्र वेगळं होतं, आणि ते दिवसातून एकदा तरी कानावर पडेच. "भेदरलेल्या माणसाला अक्कल सुचत नाही, सिस्टर. म्हणून ती आधी लिहून ठेवायची."

आता लिहून ठेवायची खरी, पण आमच्याकडच्या निम्म्या लोकांना वाचता कुठं येत होतं? म्हणून दर सोमवारी सगळ्यांना ओट्यावर बसवून कलमं म्हणून घेतली जात. वॉर्डबॉय तुका हा तालमीतला गडी, मान बैलासारखी, पण आपलं कलम म्हणताना त्याला घाम फुटायचा. आया कृष्णाबाईनं सोपी युक्ती काढली. तिनं आपलं कलम जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बसवलं आणि भांडी घासताना म्हणू लागली. डॉक्टर आधी रागावले. मग एक दिवस खिडकीआड उभं राहून त्यांनी ती ओवी पुरती ऐकली, आणि बाकीच्या आयांनाही चाली लावायला सांगितल्या.

त्यांची पहिली कवायत मी जन्मात विसरणार नाही. धोक्याची खूण म्हणून त्यांनी पितळेची थाळी ठरवली होती. आवाज खणखणीत, शिवाय प्रत्येकाच्या घरात असलेली वस्तू. ठरल्याप्रमाणे तुकानं सकाळी थाळी बडवायला सुरुवात केली. आता आपल्याकडे थाळी कधी वाजते? मुलगा झाला म्हणजे. त्यातून आमच्याकडे बाळंतिणींच्या खाटा. एकही माणूस बाहेर पळाला नाही. उलट रस्त्यावरचे लोक आत आले. कोणाला झाला, कितव्या वेळेला झाला, पेढे कुठायत! एका बाळंतिणीची सासू तर तुकाच्या हातावर पैसा ठेवून गेली. डॉक्टर अंगणातल्या चिंचेखाली घड्याळ धरून उभे होते. ते शेवटी घड्याळ खिशात टाकून म्हणाले, "मीही याच गावचा ना? मला कसं सुचलं नाही?" दुसऱ्या दिवशी चिंचेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला गेला. आम्ही आठवडाभर हसत होतो. तुका तो पैसा परत करायला निघाला तेव्हा मात्र डॉक्टरही हसले.

सातव्या कलमाला कुणी हसत नसे. आगीच्या कागदावरचं ते शेवटचं कलम. 'आपल्या नात्यातील रुग्णास आपण काढू नये. ज्याच्या नावे तो रुग्ण नेमला असेल त्यानेच त्यास काढावे.' मला ते वाचून रागच आला होता. मी सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे कुठल्या जगातलं? आई आत असली तर मुलगा बाहेर उभा राहील?"

ते म्हणाले, "मी साताऱ्याला प्लेगच्या झोपड्यांत स्वयंसेवक होतो. विशीतला असेन. माळावर ओळीनं झोपड्या. एक पेटली. सगळे धावले, सिस्टर. एकही भित्रा नव्हता त्यात. ज्यानं त्यानं आपापलं माणूस उचललं आणि बाहेर आणलं. बाहेर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि ज्यांचं कुणी नव्हतं ते आतच राहिले. मी माझ्या मावसभावाला घेऊन बाहेर आलो होतो." एवढं सांगून त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं आणि वॉर्डात निघून गेले. त्यानंतर मी त्या कलमाबद्दल वाद घातला नाही.

चैत्रात एक धनगर आपल्या मुलाला बैलगाडीत घालून आमच्याकडे घेऊन आला. नाव धुळाप्पा. आटपाडीकडचा, मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरलेला. मुलगा बिरा, लग्नाच्या वयाचा, दरडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेला. पाय ताणून, दोरीनं वजन लावून, खाटेला जखडून ठेवायला हवा होता. धुळाप्पाला थांबणं शक्य नव्हतं. मेंढरं उभी राहतात होय कुणासाठी?

"डाक्टर, आमी बकरी घिऊन वर कराडाकडं जातो. पाऊस पडाय लागला की माघारी फिरतो, तवा ह्याला न्हेतो," तो म्हणाला. "तवर प्वार तुमच्या वटीत. हितं त्येचं कोन बी न्हाई."

"मी आहे," डॉक्टर म्हणाले.

आगीच्या कागदावर बिऱ्यापुढे त्यांनी स्वतःचं नाव घातलं. कारण दोरी कुठं कापायची आणि मोडका पाय कसा धरून उचलायचा हे काम दुसऱ्यावर सोपवण्यासारखं नव्हतं. कवायतीच्या वेळी सगळा वॉर्ड चिंचेखाली निघाला की बिरा पडल्या पडल्या ओरडायचा, "आवं डाक्टर, समद्यांनी पळायचं, आन् म्या?"

"तुझ्यासाठी मी येणार."

"सोता तुमी? मंग झ्याक हाय!" आणि तो असा हसायचा, की बाजूच्या खाटेवरचे म्हातारेही हसायला लागायचे. लय गोड पोरगा होता. दिवसभर मेंढरांना घालायची शीळ घालायचा आणि मी ओरडले की तोंडावर पांघरूण ओढायचा.

वैशाखात उमाबाईंना विषमज्वर झाला. घरी त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आणून ठेवलं ते बायकांच्या वॉर्डात, चारचौघींसारखं. रुग्णालय चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, स्वतंत्र खोली देतो. डॉक्टर नको म्हणाले. त्यांची खाट दाराजवळ आली ती केवळ तीच रिकामी होती म्हणून. दुपारी जेवण झालं की डॉक्टर येऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवत, तक्ता बघत, आणि एक शब्द न बोलता परत जात. एवढ्या वर्षांच्या संसारात ती दोघं चारचौघांत कधी धड बोललेली मी पाहिली नव्हती. मला वाटायचं, या माणसाला कलमांखेरीज काही कळतं की नाही!

रुग्णालय म्हटलं की नातलग आलेच. कोणी एकटा आजारी पडतच नाही आपल्याकडे. नातलग आले की मागं तीन दगडांच्या चुली आल्या, भाकरी आल्या. या चुली विहिरीपलीकडे हलवाव्यात म्हणून डॉक्टरांनी मंडळापाशी किती वेळा डोकेफोड केली असेल! चुली हलायच्याही. पण विहिरीपलीकडे सावली नाही. ऊन तापलं की बायका एकेक दगड उचलून परत वॉर्डाच्या भिंतीशी यायच्या. त्यांना तरी काय म्हणायचं? त्या दिवशी भर दुपारी वारा सुटला आणि अशाच एका चुलीतला जाळ गवताच्या छपराला लागला.

रूळ वाजला. मी बायकांच्या वॉर्डात होते. आणि खोटं कशाला सांगू, माझं डोकं बंद पडलं. काही सुचेना. पण हातपाय आपोआप हलले. सोमवारी सोमवारी घोकलेलं माझ्या अंगात शिरलं होतं. दाराजवळची खाट पहिली. उमाबाई माझ्या आणि कृष्णाबाईच्या नावावर होत्या. आम्ही त्यांच्याखालचं कांबळं चारी टोकांनी धरलं. कृष्णाबाईनं खिडकीतून समोर बघितलं. पुरुषांच्या वॉर्डावर जाळ चढत होता, आणि तिचा नवरा त्याच वॉर्डात, अंतर्गळाचं ऑपरेशन होऊन पडलेला.

"बाई, माजं मालक तकडं हाईत," ती म्हणाली.

ती रडत होती, पण कांबळ्याची टोकं तिनं सोडली नाहीत. आम्ही उमाबाईंना चिंचेखाली नेऊन ठेवलं आणि पुढच्या बाईसाठी परत आत आलो.

तेव्हा मागच्या दारानं डॉक्टर आत आले. डोळे लाल, कोटाला काजळी. ते थेट त्या दाराजवळच्या खाटेपाशी गेले. खाट रिकामी होती. त्यांनी उशीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखलं असं वाटलं नाही.

"उमा?"

"चिंचेखाली. कधीच नेलं."

आमचा वॉर्ड कौलारू. वारा धूर आमच्याकडे लोटत होता एवढंच. कौलं पेटत नाहीत हे त्यांनीच आम्हाला दहादा सांगितलं होतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही सांगता येत नाही. ते वळले आणि पळाले. ते अंगणात पोचायच्या आत बांबू मोडल्याचा आवाज झाला आणि समोरचं छप्पर खाली आलं.

पुरुषांच्या वॉर्डातली माणसं चिंचेखाली आली होती. कृष्णाबाईच्या नवऱ्याला तुकानं पाठुंगळीला घालून आणलं होतं. कंपाउंडर दत्तोपंत नावं पुकारत होते. बिऱ्याचं नाव आलं आणि कुणी ओ दिली नाही. दत्तोपंत डॉक्टरांना बघून म्हणाले, "तो तुमच्याकडे होता ना, साहेब? तुम्ही आणताय म्हणून आम्ही कुणीच तिकडे गेलो नाही." त्यात टोचून बोलण्याचा लवलेशही नव्हता. कलमात होतं तेच ते बोलले. बिऱ्यापुढे डॉक्टरांचं नाव होतं, म्हणून कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. जो तो आपापल्या नावाला जागला.

मंडळाची बैठक झाली तेव्हा मलाही साक्षीला बोलावलं होतं. डॉक्टरांनी घडलं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःला शिव्याही घातल्या नाहीत. अध्यक्ष भला माणूस. त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "डॉक्टर, धुरामुळे काही करता आलं नाही असं म्हणू या. कुणीही हेच केलं असतं हो."

"कुणीही हेच करतं," डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर ते कलम लिहिलं होतं."

उमाबाई हळूहळू बऱ्या झाल्या. त्यांना कुणी सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण अशा गोष्टी कुठं लपतात? एक दिवस मी त्यांचे केस विंचरत होते. त्या एकदम म्हणाल्या, "सगळं टाकून ते माझ्याकडे धावत आले. उभ्या आयुष्यात कधी असे आले नव्हते. मला त्याचं बरं वाटतं हो, लीलाताई. खरंच बरं वाटतं. आणि मग त्या मुलाची शीळ आठवते." मला त्यांची इतकी दया आली, की रडू आवरेना, आणि शेवटी त्यांनीच माझी समजूत घातली.

आता सगळ्यांना एकच धास्ती होती. पाऊस पडला की धुळाप्पा येणार. कराडकडच्या वाड्यांवर निरोप धाडले होते, पण मेंढरांमागं फिरणारा माणूस सापडतो थोडाच! दत्तोपंत म्हणाले, मी सांगतो. अध्यक्ष म्हणाले, मी माणूस बसवून ठेवतो. डॉक्टर कुणाचंच ऐकेनात. मृगाची भुरभुर सुरू झाली तसे ते बाहेरच्या ओट्यावर खुर्ची टाकून तपासायला बसू लागले. रस्त्यावर मेंढरांचा आवाज आला की त्यांचा हात थांबायचा.

धुळाप्पा आला तो एका हातात मुलासाठी नवी काठी घेऊन. डॉक्टर उठून अंगणात गेले. मी ओट्यावर होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता. पोरगा गेला, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. म्हातारा मटकन खाली बसला. डॉक्टरही त्याच्यासमोर चिखलात बसले, आणि त्यांनी पुढचं सांगितलं. त्याला आणायचं काम माझं होतं. मी त्याच्या खाटेपर्यंत पोचलो होतो. धूर बायकांच्या वॉर्डाकडे जाताना दिसला आणि मी त्याला तसाच ठेवून माझ्या बायकोकडे गेलो.

म्हातारा काठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मालकीन जगल्या न्हवं तुमच्या?"

"जगली."

"तुमी काडलं म्हून?"

"नाही. तिला आधीच बाहेर नेलं होतं."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं. "मंग डाक्टर," त्यानं विचारलं, "तुमी कुनासाटी गेलता?"

म्हातारा उठला, ती नवी काठी तिथंच ठेवून रस्त्याला लागला. आम्ही त्याला भाकरी बांधून देत होतो. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर डॉक्टर कमी बोलू लागले. सोमवार बंद पडले. सातवं कलम आता काढून टाकणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मलाही वाटत होतं, काढावं. माणसाच्या काळजावर कलम चालत नाही हे डोळ्यांदेखत बघितल्यावर ते भिंतीवर कशाला ठेवायचं? पण माझ्या डोळ्यांपुढून कृष्णाबाईही हलत नव्हती. तिचंही काळीजच होतं की! याचा मेळ मला तेव्हा घालता आला नाही, आणि आता म्हातारपणीही येत नाही.

थंडीत माझी साताऱ्याला नेमणूक झाली. निघायच्या आदल्या सोमवारी डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. आगीचा कागद नवा लिहिला होता. सातवं कलम जसंच्या तसं होतं. त्याच्याखाली आठवं होतं, आणि ते त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. 'मुख्य डॉक्टरांचे नात्याचे माणूस रुग्णालयात असल्यास, खूण होताच दोन माणसांनी डॉक्टरांस धरून ठेवावे, व त्यांचे काम कंपाउंडरने करावे. डॉक्टर काय बोलतात तिकडे लक्ष देऊ नये.' त्यापुढे तुकाचं आणि माळ्याचं नाव होतं.

एरवी कुणीतरी हसलं असतं. कुणी हसलं नाही. कवायतीसाठी उमाबाई घरून आल्या आणि दाराजवळच्या त्या खाटेवर जाऊन निजल्या. हे त्यांच्यातलं आधीच ठरलेलं असणार. डॉक्टर चिंचेखाली जाऊन उभे राहिले. तुकानं एक दंड धरला, माळ्यानं दुसरा. दोघंही इतके ओशाळले होते, की देवाच्या मूर्तीला हात लावावा तसे नुसते टेकवून उभे होते. "नीट धरा," डॉक्टर म्हणाले.

रूळ वाजला. आम्ही धावलो. उमाबाई कांबळ्यात आल्या, बाकीच्या आल्या, दत्तोपंत समोरच्या, पुन्हा छप्पर घातलेल्या वॉर्डातून एका पाय बांधलेल्या म्हाताऱ्याला घेऊन आले. सगळं बिनचूक पार पडलं. मी दम खात चिंचेपाशी आले तेव्हा तुकानं हात सोडले होते आणि तो आपले तळवे बघत होता.

"बाई, डाक्टर वढत हुतं," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "समद्यांस्नी दावायला न्हवं. खरंच वढत हुतं. म्या तालमीतला गडी, पर माजं हात भरून आलं बगा."

डॉक्टरांच्या बाहीची शिवण उसवली होती. उमाबाई कांबळ्यावर उठून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडेच बघत होत्या. ते तिकडे गेले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि दत्तोपंतांच्या हातात दिली.

"दोन खोडा," ते म्हणाले. "तीन माणसं लिहा."